फलालीनच्या फळ्यावरची ताटं

मी एक जुना फळा आहे. पण खडूचा नव्हे मित्रांनो, फलालीनचा. शाळेतल्या कॉर्मिकबाईंनी आपला निळा झगा उसवून त्याचं कापड लाकडी चौकटीवर ताणलं, तो माझा जन्म. मग त्यांनी लोकरी चिंध्यांची चित्रं कातरली: बदकं, घोडे, ताटं. नुसती टेकवली तरी ती माझ्या अंगाला चिकटत. मुलं इकडची बदकं तिकडच्या बदकांजवळ सरकवत, आणि बेरीज आधी हाताला कळे, मग डोक्याला.

आमची शाळा कॅनडात, मॅनिटोबातल्या गव्हाच्या रानात होती. रविवारी तिथंच प्रार्थना होई. पाद्रीबाबा उपदेश गाऊन सांगत, तेव्हा माझा धागा न् धागा न्हाऊन निघे. देवानं मला कान दिले नाहीत, पण त्या सुरांना मुकू दिलं नाही.

नाताळ नुकताच झाला होता. थॉर्नडाइकसाहेब तपासणीला आले. अबोल स्तेफ्काबद्दल त्यांनी आधीच बजावलं होतं, "आज बेरीज आली नाही, तर पोरीला शहरात मंदबुद्धी मुलांच्या वसतिगृहात धाडणार." बाईंनी मला भिंतीला टेकवलं.

साहेबांनी स्वतः ताटं लावली. तीन इकडे, दोन तिकडे.

"सांग पोरी, जेवायला किती ताटं मांडली?"

"सहा."

"तिला बोटंच सहा आहेत, साहेब!" दानिलो मागून ओरडला. वर्ग खो खो हसला.

"गप रे, आगाऊ! स्तेफ्का, बाळ, नीट मोज."

"सहाच, बाई."

साहेबांनी टोपी उचलली. "ऐकलंत? आता आणखी काय विचारायचं?"

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "एकच विचारते. स्तेफ्का, सहावं कुठाय गं?"

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. मला बोलता येत असतं तर! पोर हळूहळू पुढे आली आणि तिनं माझ्या कोऱ्या कोपऱ्यावर गार, घामेजला तळवा टेकवला.

"हे बाबाचं. तो वारला ना. नाताळच्या जेवणाला त्याचंही मांडतात. आई म्हणते, त्याला धरून मोजायचं, नाहीतर तो दारातूनच परत जातो."

हसू कुठल्या कुठे विरलं. "आमच्याकडेपण आजोबांचं मांडतात," दानिलो पुटपुटला.

साहेबांनी खाकरून ताटं काढली आणि बदकं लावली, तीन नि दोन. "आणि ही?"

स्तेफ्कानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "ह्यांच्यातलं कुणी वारलंय का?"

"नाही गं."

"मग पाच."

साहेबांनी टोपी खाली ठेवली. "राहू द्या हिला इथंच," एवढंच ते म्हणाले.

पुढे रंगीत पुस्तकं आली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. बदकं उंदरांनी नेली, मला कसर लागली. त्याचं काही नाही. देवानं ठेवलं तसं राहायचं. मला झटकून उन्हात ठेवलंत तर बरं वाटेल. पण ते विसरलात तरी एक विसरू नका. लेकराचं उत्तर चुकलंसं वाटलं, तर खोडण्याआधी जवळ बसून विचारा, "बाळा, तू कुणाकुणाला धरलंस?"