रिकाम्या खुर्चीची पीडा

धाकट्या भावाच्या दारात चपलांचा एवढा ढीग होता, की जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली, आणि सगळ्यांचे डोळे भिंतीलगतच्या काचेच्या टाकीवर. टाकीत खारं पाणी, रंगीत प्रवाळ आणि एक लखलखीत पिवळा मासा. टाकीसमोर खुर्चीत माझी आई आणि तिच्या शेजारी उभे ‘जलगुरू’ म्हणवणारे एक बुवा.

"आई, पीडा कुठं?"

"डोळ्यांत, महाराज."

जलगुरूंनी खांद्यावरची काळी शाल सर्रकन टाकीवर टाकली. काहीबाही पुटपुटले आणि शाल ओढली. मासा पिवळा राहिलाच नव्हता. अंगभर तपकिरी डाग, पाठीवरचे काटे ताठ.

"ओढून घेतली! मासा नाही हा, मंडळी, टिपकागद आहे! तुमचं दुखणं म्हणजे शाई, आणि हा टिपकागद!"

थोड्या वेळानं डाग विरले, मासा पुन्हा पिवळा झाला.

"गेली पीडा समुद्रात!"

"कुठल्या समुद्रात? टाकी तर बंद आहे," मी म्हणालो. कुणी वळूनही पाहिलं नाही. आई तर हात जोडून बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की मला तो सलला.

हे दुखणं बुवाबाजीच्या चिडीचं नव्हतं. निव्वळ जळत होतो मी. समुद्री टाकीचा नाद मूळ माझा. माझी पाहून धाकट्यानं घेतली आणि दोन-चार महिन्यांत तिची पार शेवाळलेली विहीर केली. दगडांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ. "दादा, काय करू रे?" म्हणून आला. मी सांगितलं, पिवळा रॅबिटफिश मासा आण. सशासारखं तोंड, सशासारखाच दिवसभर चरतो. फक्त हात लावू नकोस, पाठीचे काटे विषारी असतात. त्यानं आणला. मासा चरू लागला, आणि तेवढ्यात धाकट्याच्या बायकोच्या ओळखीनं जलगुरू आले, मंतरलेल्या पाण्याची बाटली घेऊन. शेवाळ संपलं. चरला मासा, ढेकर दिली बुवानं!

आई राहायची धाकट्याकडे, पण रोज संध्याकाळी माझ्याकडे यायची. तिला काचबिंदू. माझं चष्म्यांचं दुकान, त्यामुळं डोळ्यांच्या थेंबांची वेळ मी कधी चुकवत नसे. थेंब घातले की ती माझ्या टाकीसमोर बसून दिवसभराचं सांगायची. जलगुरू आले आणि ते बंद झालं. "थेंब इथंच घालते," असा निरोप आला. माझ्याकडेही अगदी तसलाच पिवळा मासा होता. पण ती म्हणायची, "धाकट्याचा मासा कसा माणसात आहे रे!"

"मग माझा काय जनावरांत आहे?"

त्या दिवशी गर्दी पांगल्यावर मी तिला थेंबांचं विचारलं.

"बंद केलेत. महाराज म्हणाले, औषध आणि मासा एकत्र चालत नाही. आणि आता दुखतही नाही."

"आई, काचबिंदू कधी दुखत होता तुझा? तो न दुखताच नजर खातो!"

"तुला धाकट्याचं बरं झालेलं बघवत नाही," ती म्हणाली.

अर्धं खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. घरी आलो. बायको पंखा पुसत होती. धूळ पडू नये म्हणून तिनं आमच्या टाकीवर जुनी चादर टाकली होती. काम झाल्यावर चादर काढली आणि हसत सुटली.

"अहो, बघा! आपल्या माशानं पंख्याची पीडा ओढली!"

मासा डागाळलेला, काटे ताठ. एकदम अंधार झाला की हा मासा घाबरतो आणि रंग बदलतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण धाकट्याच्या घरी मी मासा पाहतच नव्हतो. मी गर्दी मोजत होतो.

पुढच्या बैठकीला मी सरळ पुढं गेलो.

"महाराज, एकदाच खुर्ची रिकामी ठेवून शाल टाका."

"अश्रद्धासमोर मासा काम करत नाही!"

"मी जिन्यात उभा राहतो."

"दादा, कशाला तमाशा?" धाकटा लाल झाला होता.

जलगुरू शाल घट्ट धरून बसले. तेव्हा आईच खुर्चीतून उठली. "टाका की, महाराज. बघू तरी."

महाराज हलेनात. आईनं स्वतःच्या अंगावरची शाल काढली आणि टाकीवर टाकली. मंत्र नाही, पुटपुटणं नाही. मग तिनंच ती ओढली. मासा डागांनी भरलेला!

मागून कुणीतरी विचारलं, "पण खुर्चीला काय झालंय?"

"तिचा एक पाय डुगडुगतो," धाकट्याची बायको अभावितपणे बोलून गेली, आणि हशा उसळला. त्या हशातच जलगुरू जिना उतरले.

मी धाकट्याला टाकीजवळ नेलं. "पोट बघ त्याचं, खपाटीला गेलंय. शेवाळ संपल्यावर काय घालतोस त्याला?"

"काही नाही. महाराज म्हणाले, तो पीडेवर जगतो."

"म्हणून प्रवाळ कुरतडतोय. वाळलेलं समुद्री शेवाळ आणून टाकीत लाव आजच."

आईला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. कडेची थोडी नजर गेली होती. "गेली ती परत येणार नाही, राहिलेली सांभाळू," डॉक्टर म्हणाले. धाकटा रडला. त्या दिवसापासून थेंब तोच घालतो.

"त्याचा हात हलका आहे हो," आई परवा मला म्हणाली. पुन्हा सललं. ते सलणारच.

माझ्या हेतूवर खुशाल शंका घ्या. पण मी जळत होतो म्हणून मासा डागाळला नव्हता, आणि आईची श्रद्धा होती म्हणून तिची नजर वाचली नाही. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा: माणूस नसताना, मंत्र नसताना हेच घडतं का? करून पाहा. आणि पाहून होईपर्यंत औषध सोडू नका.