मावसबहीण

"चंदे, बहीण आली तुही," चंदाच्या सासूने, जमुनाबाईंनी, ओसरीवरूनच आवाज दिला आणि प्रेमिलाच्या पायांवर घालायला पाण्याचा गडवा उचलला.

प्रेमिलाने पाय पुढे केले. या घरी ती चंदाची मावसबहीण होती. तिरोड्याकडच्या एका गावात ती कुणाची तरी नणंद होती, बिरसीजवळ बचत गटाची मॅडम. कामावर लागली तेव्हा गोंदियाच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की एचआयव्हीच्या गोळ्या सोडून दिलेल्यांच्या घरी जायचं, पण कशासाठी आलो ते शेजाऱ्याच्या कोंबडीलाही कळता कामा नये. तेव्हापासून तिला इतके नातेवाईक झाले, की सख्ख्यांची उणीव भासायला वेळ मिळत नव्हता. सख्ख्यांनी तिला चौदा वर्षांपूर्वी, नवऱ्याच्या पाठोपाठ तिचाही रिपोर्ट आला त्याच आठवड्यात सोडलं होतं. त्या गोळ्या ती स्वतःही रोज घेत होती. आताशा मात्र तिचे गुडघे दुखत आणि प्रत्येक गाव मागच्या गावाहून लांब वाटे.

चंदाने वीस दिवस गोळी घेतली नव्हती. कारण साधं होतं. खुशीला, तिच्या एकुलत्या एका पोरीला, पाहायला पाहुणे येणार म्हणून घर सारवायला, रंगवायला बायका जमल्या होत्या. घाबरून चंदाने गोळ्यांची डबी धान साठवायच्या ढोलीत खोल पुरून टाकली. डबी वाजू नये म्हणून ती तिच्यात कापूस कोंबून ठेवी, तो मात्र या वेळीही कोंबायला विसरली नव्हती. आपला मुलगा काविळीने गेला, असंच जमुनाबाई धरून होत्या, आणि पोरीचं लग्न होईपर्यंत तरी त्यांनी तसंच धरून राहावं, एवढीच चंदाची देवाकडे मागणी होती.

"पाहुणे जाऊ दे, मंग काढतो," ती कुजबुजली. प्रेमिला थांबली. गोळी पोटात गेल्याशिवाय ती निघणार नव्हती.

पण पाहुणे आले आणि बहीण म्हटल्यावर चहाचा ट्रे तिच्याच हाती आला. मुलाचे वडील छोटेलाल धानाच्या भावावर बोलत होते. मुलाने कप घ्यायला हात पुढे केला, वर पाहिलं आणि हात तिथेच राहिला.

तो गजेंद्र होता. तिरोड्याला वेल्डिंग करायचा. चार वर्षांपूर्वी पहिला रिपोर्ट हातात आला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तासभर रडला होता, आणि तो तासभर प्रेमिला शेजारी बसून होती. दर तीन महिन्यांनी गोळ्या न्यायला येई. एक खाडा नाही.

पोहे झाले. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं कामही घरच्या बाईचंच. मागच्या अंगणात सगळ्यांत शेवटी गजेंद्र आला, तशी ती गडव्याने धार धरून उभी राहिली.

"ताई, सांगशीन का यायले?"

"म्या आजवर कोणालेच नाई सांगतलं. पण तू पोरीले सांग. तुहा रिपोर्ट चांगला हाय, लगन होऊ शकते. लपवून मात्र नाई."

"माह्या बापालेच मालूम नाई, ताई. आन् हिची माय तर आयकल्याबरोबर हाकलून देईन."

ही माय तुला हाकलणार नाही, हिच्याइतकं तुझं दुखणं या गावात कुणालाच कळणार नाही, हे प्रेमिलाला ओरडून सांगावंसं वाटलं. पण ती गोष्ट चंदाची होती. ती दुसऱ्याला सांगण्याचा हक्क प्रेमिलाला नव्हता.

"सांगून पाय एकदा," ती एवढंच म्हणाली. "लोकं आपल्याले वाटते तेवढे परके नसते."

त्याला काही उमगलं नाही. गडव्यातलं पाणी संपलं, तसा हात पुसत तो आत गेला. जाताना पाहुणे कळवतो म्हणाले, आणि अर्ध्या तासात जमुनाबाईंचा फोन वाजला. पोरगा नाही म्हणतो. कारण काही सांगितलं नाही.

खुशी नवी साडी न सोडता चुलीपुढे जाऊन बसली. चंदाने प्रेमिलाला ढोलीच्या खोलीत ओढलं आणि दार लोटलं.

"तुले पाहून त्यानं हात आखडला. मांगं तू त्याच्यासंग बोलून राहिली होती, म्या पायलं. माह्या दुखण्याचं तूच सांगतलं."

"म्या नाई सांगतलं, चंदा."

"मंग काऊन नाई म्हणलं त्यानं?"

एका वाक्यात प्रेमिला मोकळी झाली असती. ते वाक्य तिच्या जिभेवर होतं आणि ते तिचं नव्हतं. तिला फार थकल्यासारखं झालं. तिने कोपरापर्यंत हात धानात घातला, चाचपत डबी वर काढली, आतला कापूस बाजूला केला आणि एक गोळी चंदापुढे धरली.

"माह्यावर राग धर. गोळीवर नको धरू. आन् सोमवारी गोंदियाले तपासाले ये."

चंदाने गोळी घेतली आणि पाण्याशिवायच गिळली.

"सोमवारी येतो," ती म्हणाली. "पण तू आता या घरी येऊ नोको. बहीण म्हणून त बिलकुल येऊ नोको."

ओसरीवर जमुनाबाई नेहमीसारखे तांदूळ बांधून उभ्या होत्या. बहीण रिकाम्या हाताने कशी जाईल, म्हणाल्या. त्यांचे डोळे लाल होते. प्रेमिलाने गाठोडं घेतलं आणि वाकून नमस्कार केला.

नवेगाव बांधच्या फाट्यावर बस मिळाली, खिडकीजवळ जागाही मिळाली. धानाची कुसळं लागून हाताला खाज सुटली होती. शेजारच्या म्हातारीने तिच्या मांडीवरच्या गाठोड्याकडे पाहिलं.

"कोणाकडे गेली होती, बाई?"

"बहिणीकडे," प्रेमिला म्हणाली.