शारगोलच्या वीस टाक्या

“काका, यांच्या गळ्यात काय बांधलंय?” तेमुलेननं विचारलं आणि हात न लावता नुसत्या पेनाच्या टोकानं ती पिशवी ढोसून पाहिली.

पुन्सलला हसू आलं. ट्रकमधून उतरवलेल्या वीस रिकाम्या टाक्या उलानबातरच्या सरकारी मदत-गोदामाच्या अंगणात रांगेनं उभ्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मानेला एकेक कापडी पिशवी निळ्या रेशमी पट्टीनं बांधलेली होती. त्यानं एक पिशवी सैल करून आत बोटं घातली. आरूल होतं, उन्हात वाळवलेल्या दह्याचे पांढरे खडे. शारगोल तालुक्याच्या दवाखान्यानं प्राणवायू भरून घ्यायला टाक्या राजधानीला पाठवल्या होत्या, आणि शेजारणीचं भांडं जसं कुणी रिकामं परत करत नाही, तशा या टाक्याही त्यांनी रिकाम्या पाठवल्या नव्हत्या. आत दही भरता येत नाही म्हणून गळ्यात बांधलं होतं, एवढंच.

“हे कुठल्या रकान्यात टाकू?”

“लिही की. टाक्या वीस, आरूल वीस पिशव्या. फाटकातून आत आलं ते लिहायचं.”

हे वाक्य पुन्सल एकतीस वर्षं म्हणत आला होता. जनावरं उभ्या उभ्या गोठवणाऱ्या हिवाळ्यांत त्यानं ब्लँकेटं मोजली होती, चारा मोजला होता, तंबूंच्या खुंट्यासुद्धा मोजल्या होत्या. या काळात गोदामाचे आठ प्रमुख आले आणि गेले. प्रत्येकानं आल्या आल्या खुर्ची बदलली, जाताना गालिचा नेला. पुन्सलनं मनातल्या मनात आठही जणांना कवडीमोल ठरवलं होतं. त्याच्या नोंदवहीत मात्र कधी एका सुतळीचीही चूक निघाली नव्हती, आणि या गोष्टीचा त्याला जरा जास्तच ताठा होता.

तेमुलेननं फोटो काढले, नोंद केली आणि पाठवून दिली. तो सव्वीस वर्षांचा, परदेशात समन्वय शिकून आलेला. साथ आल्यापासून सरकारच्या सगळ्या खात्यांचा आणि त्रेचाळीस देशी-परदेशी मदत संस्थांचा मिळून एक राष्ट्रीय समन्वय कक्ष उघडला होता, त्यातला हा गोदामावरचा माणूस. कक्षाचं काम म्हणजे कुणी, काय, कुठे दिलं याचा एक अवाढव्य तक्ता भरणं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पुन्सलच्या आजोबांनी खरोखर उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, पण त्यांची शेळी कधी हरवली नव्हती.

दुपारी कक्षातून उत्तर आलं. बाधित भागातून आलेल्या वैद्यकीय साहित्याला खाद्यपदार्थ चिकटलेला आढळला, तर ते साहित्य चौदा दिवस विलगीकरणात ठेवावं, असा नियम होता. वीसही टाक्या पिशव्यांसकट मागच्या खोलीत बंद करून दाराला मोहोर लावायची होती.

“अरे, पिशव्या सोडतो ना मी,” पुन्सल म्हणाला. “हे काय चिकटलंय? गाठ आहे ती.”

“आता नोंद गेली, काका. गेलेली नोंद कक्षाच्या उपप्रमुखांच्या सहीशिवाय मागे घेता येत नाही.” तेमुलेन खाली बघत म्हणाला. “तुम्हीच म्हणालात लिही.”

पुन्सलनं सैल केलेली पिशवी परत बांधली. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला वाटलं की आपण तोंड बंद ठेवायला हवं होतं.

संध्याकाळी शारगोलहून फोन आला. दवाखान्यात एकच डॉक्टर होती, अझाया नावाची, तिशीच्या आतली. टाक्या निघाल्या का, असं तिनं विचारलं, आणि पुन्सलनं खरं काय ते सांगितलं. मग तिनं हिशेब सांगितला. सहा जणांना प्राणवायू लागत होता आणि भरलेल्या टाक्या दोनच उरल्या होत्या. हवेतून प्राणवायू काढणारं यंत्र वीज असेल तेवढाच वेळ चालायचं. मोठ्या दवाखान्यात जागा नव्हती. राजधानीतून दुसऱ्या टाक्या मिळण्याचा प्रश्नच नव्हता, कारण रिकामी टाकी आल्याशिवाय भरलेली द्यायची नाही असा नियम होता, आणि विलगीकरणातली टाकी आली असं धरत नव्हते.

“पिशव्या कोणी बांधल्या?” पुन्सलनं विचारलं.

“यांजिन आजीनं. आरूल तिच्याच घरचं. सहातली एक तीच आहे, काका. धाप लागलेली, पण कॉटवर उठून बसली आणि मला म्हणते, पोरी, लोकांची भांडी अशी उघडीबोडकी पाठवतेस, तुला कुणी काही शिकवलं नाही का? मी म्हटलं, बांधते बाई. नाही बांधलं असतं तर बरं झालं असतं.”

“तू बांधलंस ते बरोबर केलंस. मी लिहिलं ते चुकलं.”

“कोण चुकलं ते नंतर बघू. टाक्या पाठवा.”

मंगळवारी पुन्सल समन्वय बैठकीला गेला. गोदामवाल्यानं बैठकीला येण्याची पद्धत नव्हती, म्हणून त्याला शेवटच्या रांगेत, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशेजारी जागा मिळाली. बैठकीची पहिली वीस मिनिटं मंचामागच्या फलकावर कुणाचं बोधचिन्ह कुणाच्या वर असावं यात गेली. एका परदेशी संस्थेच्या बाईंचं म्हणणं होतं की ब्लँकेटं त्यांची होती. दुसऱ्या संस्थेच्या गृहस्थांचं म्हणणं, पण ट्रक आमचा होता. माणसं मरत होती आणि ही मंडळी चिन्हांची लग्नं लावत होती. शेवटी सगळी चिन्हं सारख्या आकाराची करायचं ठरलं आणि टाळ्या वाजल्या.

मग नकाशा उघडला. लाल तालुके, पिवळे तालुके, हिरवे तालुके. शारगोल हिरवागार होता. पुन्सलला वाटलं आपले डोळे बिघडले. पण नाही, तक्त्यात शारगोलच्या नावावर वीस टाक्या दिसत होत्या. त्या कुलपाआड रिकाम्या होत्या, याला तक्त्यात रकाना नव्हता.

तो उभा राहिला आणि आवाज शक्य तेवढा नरम ठेवून बोलला. उपप्रमुख गानखुयाग साहेबांनी मान हलवत ऐकून घेतलं. गुबगुबीत हातांचा, कुणालाही नाही न म्हणणारा हा माणूस. नाही म्हणण्याची वेळच येऊ नये अशी व्यवस्था तो करून ठेवत असे. मुद्दा महत्त्वाचा आहे, असं ते म्हणाले. पण आरूल हा खाद्यपदार्थ, म्हणजे विषय अन्न गटाचा. त्या गटाची बैठक गुरुवारी. तोवर लेखी अर्ज द्यावा.

बैठक संपल्यावर अर्ज घेऊन पुन्सल त्यांच्या खोलीत गेला. टेबलावर बशीत पांढरे खडे होते. शेजारी दोन रिकाम्या कापडी पिशव्या, आणि त्यांच्यावर गुंडाळून ठेवलेली निळी पट्टी. सकाळी तपासणीचा नमुना म्हणून कुणीतरी मोहोर उघडून दोन पिशव्या नेल्या होत्या आणि मोहोर परत लावली होती, हे त्याला तेव्हा कळलं. हपापाचा माल गपापा, दुसरं काय.

“घे की,” साहेब गालात खडा घोळवत म्हणाले. “असलं आरूल शहरात मिळत नाही. दूध चांगलं त्या भागातलं.”

“साहेब, हे तर दूषित आहे ना?”

साहेबांचा गाल थांबला. मग ते हसले. “तू फार वर्षं गोदामात काढलीस, पुन्सल. नियम वस्तूला असतो, चवीला नसतो. पेन्शनला किती राहिले?”

“आठ महिने.”

“मग आठ महिने नीट काढ.”

पुन्सलनं अर्ज टेबलावर ठेवला. जाताना त्यानं त्या दोन रिकाम्या पिशव्या उचलून कोटाच्या खिशात घातल्या. साहेबांना त्यांचं काही काम नव्हतं.

दाराची एक किल्ली साहेबांच्या खोलीत होती, दुसरी त्याच्याच कमरेला. मोहोर म्हणजे काय, लाखेचा एक थेंब. मंगळवारी तो त्या दारासमोर जाऊन उभा राहिला आणि परत फिरला. बुधवारीही तेच. बायकोला त्यानं सांगितलं की सही येईल, गुरुवारी येईल, कागदानं केलेलं काम टिकतं. आयुष्यभर साहेबांना तुच्छ लेखणं सोपं होतं, त्याला काही लागत नव्हतं. आता काहीतरी लागणार होतं, तर तो दारापासून परत फिरत होता, आणि त्या दोन दिवसांत त्याला स्वतःची जितकी किळस आली तितकी आठ प्रमुखांचीही कधी आली नव्हती.

गुरुवारी अन्न गटानं एक उपसमिती नेमली.

शुक्रवारी सकाळी पुन्सलनं लाख अंगठ्यानं फोडली. पिशव्या सोडून एका खोक्यात ठेवल्या, टाक्या स्वतः गाडीत चढवल्या, भरण्याच्या कारखान्यात रांगेत उभा राहिला आणि दुपारी ट्रक शारगोलच्या वाटेला लावला. नियमाप्रमाणे प्रत्येक टाकीला रुग्णाच्या नावाची चिठ्ठी लागते. ज्याच्या नावानं टाकी निघेल त्यालाच ती लावायची, आणि न वापरलेली टाकी परत पाठवायची. फोनवर अझायानं सहा जणांची नावं सांगितली, पाच जणांच्या नावानं तीन-चार टाक्या, आणि तेमुलेननं ती लिहून घेतली. शेवटची चिठ्ठी यांजिनची होती, तिच्या नावाची एकच.

“कशी आहे ती?” पुन्सलनं विचारलं.

“लवकर पाठवा,” अझाया म्हणाली.

रस्ता दोन दिवसांचा. सोमवारी पुन्सलच्या हाती मेमो पडला: मोहोर तोडल्याबद्दल खुलासा द्यावा, तोवर पेन्शनचे कागद थांबवले जातील. त्यानं खुलासा एका ओळीत लिहिला. मोहोर मी तोडली, चार दिवस उशिरा तोडली.

अकराव्या दिवशी ट्रक परत आला. पुन्सल यावेळी फाटकाबाहेरच जाऊन थांबला होता. त्यानं ड्रायव्हरला रस्त्यातच गाडी लावायला सांगितली, मागे चढला आणि टाक्यांच्या मानेच्या पिशव्या एकेक करून सोडल्या. आरूल पुन्हा आलं होतं, शेजारपाजारच्या घरांतलं असावं, प्रत्येक पिशवीत वेगळ्या आकाराचे खडे. फाटकाच्या आत काही आलंच नाही, तर लिहायचं काय? एकतीस वर्षांतली ही त्याची पहिली लबाडी होती आणि त्याला तिचं जराही वाईट वाटलं नाही.

पिशव्या एकोणीसच भरल्या. विसाव्या टाकीला पिशवी नव्हती.

त्यानं ती कलती करून पाहिली. ती जड होती. तोटीवरचं सील जसंच्या तसं होतं आणि चिठ्ठीवर तेमुलेनच्या वळणदार अक्षरात यांजिनचं नाव होतं. त्याखाली अझायानं लिहिलं होतं: वापरली नाही, नियमाप्रमाणे परत.

त्यानं ट्रकवर बसूनच तिला फोन लावला. भरलेली टाकी परत कशाला पाठवलीस, असं त्याला विचारायचं होतं. आजीचं त्यानं विचारलं नाही.

“दुसऱ्या कुणाला लावायची होतीस,” तो एवढंच म्हणाला.

“मागच्या वेळी तुमच्या नियमात नसलेली एक गोष्ट केली, तर चार दिवस गेले,” अझाया म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, कागद वाचून दाखवावा तसा. “या वेळी मी सगळे नियम पाळले, काका. मला धाडस झालं नाही.”

फोन तिनंच ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत नकाशावर शारगोल पुन्हा हिरवा होता. गानखुयाग साहेबांनी मुद्दाम त्याचा उल्लेख केला. दुर्गम तालुका असूनही पुरवठा इतका पुरेसा झाला की एक भरलेली टाकी शिल्लक परत आली, याला म्हणतात समन्वय. परदेशी बाईंनी हे वहीत लिहून घेतलं, कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवली. साहेबांनी शेवटच्या रांगेकडे पाहून मान डोलावली. मेमो मागे घेतल्याचं पत्र संध्याकाळपर्यंत आलंच. पुन्सलला ते पत्र मेमोपेक्षा जास्त लागलं.

एकोणीस टाक्या भरून आल्यावर पुन्सलनं विसावी त्यांच्या शेजारी उभी केली. शिल्लक साठा मध्यवर्ती भांडारात जमा करावा, असं वरून आलं होतं. त्यानं तो कागद वाचला, घडी करून नोंदवहीखाली सारला आणि टाकी ट्रकवर चढवली. मग कोटाच्या खिशातून यांजिनच्या दोन पिशव्या काढल्या. घरून आणलेली साखर एकीत भरली, दाबून केलेल्या चहाच्या विटेचा तुकडा दुसरीत, आणि दोन्हींची गाठ त्या टाकीच्या मानेला मारली. निळी पट्टी साहेबांच्या टेबलावरच राहिली होती, म्हणून सुतळीनं बांधली. यांजिनच्या मागे घरी कोण आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं; अझाया पाहील.

तेमुलेन टॅबलेट घेऊन आला. त्यानं पिशव्यांकडे पाहिलं आणि टॅबलेट खाली धरला.

“काय लिहू, काका?”

“टाक्या वीस.”

“आणि ही कुणाच्या नावानं?”

पुन्सलनं जुनी चिठ्ठी सोडवली, आपल्या नोंदवहीत ठेवली आणि नवी कोरी चिठ्ठी टाकीला बांधली. “तिथं लागेल त्याच्या,” तो म्हणाला आणि ट्रकचं मागचं फळकं लावायला गेला.