चौदा थर निळा रंग

मित्रांनो, मी एक जुना, पाच किलोचा, पुन्हा पुन्हा भरून वापरायचा गॅसचा सिलिंडर आहे. 'आहे' म्हणतो खरा, पण माझा व्हॉल्व्ह काढून घेतलाय आणि पोटाला रुपयाएवढं भोक पाडलंय. तेव्हा 'होतो' म्हटलंत तरी मी रागावणार नाही. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही.

पत्र्याच्या दोन वाट्या एकमेकींना जोडून मला घडवलं. आत पाणी भरून दाब दिला, तेव्हा मी हूं की चूं केलं नाही. मग एका कारागिराने माझ्या गळ्याजवळच्या कड्यावर हातोडीने आकडे ठोकले. दहा वर्षांनी माझी पुन्हा तपासणी करायची, ते वर्ष त्यात होतं. माझ्या अंगावर वाचण्यासारखं तेवढंच काय ते होतं.

दुकानात माझ्या शेजारी एकदाच वापरायचे छोटे डबे रांगेत उभे असत. हलके, चकचकीत, फार ऐटीत. एक दिवस काकू आल्या. त्या शिवणकाम करायच्या आणि काका जमिनीची मोजणी करायचे. दरवर्षी थंडीत आठ दिवस दोघं तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचे. काकूंनी डबा उचलून विचारलं, "हा संपला की काय करायचं?"

"फेकून द्यायचा," दुकानदार म्हणाला.

"कुठे?"

दुकानदाराने खांदे उडवले. तळ्याकाठी पडलेले असे गंजलेले डबे काकूंनी पोत्यात भरून आणलेले होते. त्यांनी माझ्यावर हात ठेवला. "मग हाच द्या."

काकूंचे धाकटे दीर सोबत होते. ते म्हणाले, "वहिनी, ही धोंड कशाला गळ्यात बांधून घेता? डबेच घ्या."

"भाऊजी, हा जन्मभर पुरेल. तुमचे डबे तुम्हालाच लखलाभ."

जन्मभर! त्या शब्दाने मी जो फुगलो तो फुगलोच.

मित्रांनो, माझे दिवस फार छान गेले. सकाळी माझ्या जिवावर शेगडी पेटायची, चहा उकळायचा. संध्याकाळी तंबूबाहेर हीटर लागायचा आणि काका त्यापुढे गुडघे शेकत बसायचे. आणि दरवर्षी निघायच्या आधी काकू मला गॅलरीत वर्तमानपत्रावर बसवून निळा रंग द्यायच्या. मानेपासून बुडापर्यंत. कड्यावरचे आकडेही सुटायचे नाहीत. काका म्हणायचे, "अगं, याला जपतेस त्याच्या निम्म्याने मला जप."

"तुम्हाला रंग चढत नाही," काकू म्हणायच्या.

खरवडून मग रंग द्यावा, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. त्यांना वाटे, रंग म्हणजेच काळजी. आणि मलाही तेच वाटे, खोटं कशाला बोलू? गॅस भरणारे म्हातारे गृहस्थ मला पाहिलं की म्हणत, "नवाकोरा दिसतोय," आणि कडं न वाचताच भरून देत. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं. मी तर आधी स्वतःच फसलो होतो.

चौदाव्या वर्षी काका निवृत्त झाले. तळ्यावर आता महिनाभर राहायचं, असं ठरलं. काकू मला ताजा रंग देऊन भरायला घेऊन गेल्या. म्हाताऱ्यांच्या जागी आता चष्मेवाली मुलगी होती. तिने मला तोललं नाही, आधी कडं पाहिलं. आकडे दिसेनात. तिने खिळ्याने रंग खरवडला. एकाखाली एक, निळ्यावर निळा, अख्खे चौदा थर. आकडे सापडले तेव्हा तिने ते दोनदा वाचले.

"काकू, याची तपासणी चार वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती. मी नाही भरू शकत."

"अगं, पण बघ ना किती छान आहे."

"तपासून आणा. पास झाला तर लगेच भरते."

मित्रांनो, तेव्हा मला खात्री होती. पास होणार म्हणजे होणारच. तपासणीच्या शेडमध्ये माझा सगळा रंग उतरवला. मी उघडा पडलो आणि माझं बूड मी पहिल्यांदा इतरांच्या चेहऱ्यांवर पाहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, माझ्या बुडाखाली गंज होता. तळ्याकाठची ओल रंगाखाली अडकली होती आणि वर्षानुवर्षं निवांतपणे पत्रा खात बसली होती. पाण्याचा दाब दिल्यावर तिथून घाम फुटावा तसे थेंब आले.

तपासनिसाने खडूने माझ्यावर फुली मारली.

"पुन्हा रंगवला तर?" काकूंनी विचारलं. काका त्यांच्या मागे उभे होते.

"पत्राच उरला नाही, ताई. आता हा भरला तर घात होईल."

"पण मी कधी गंज दिसू दिला नाही हो."

"तेच तर झालं. दिसू दिला नाहीत."

काकू खाली बसल्या आणि रडल्या. जुन्या लोखंडासाठी कोणी रडतं का? त्या रडल्या. त्या वर्षी दोघं तळ्यावर गेले ते डबे घेऊन गेले, महिनाभर पुरतील एवढे. हे मला तपासनिसाकडून कळलं. त्याला काकूंनीच सांगितलं होतं. त्या मला न्यायला परत आल्या होत्या, पण नापास सिलिंडर घरी देता येत नाही, भोक पाडून भंगारात टाकायचा, असा नियम आहे.

आता मी भंगाराच्या ढिगात आहे. माझं काही होणार नाही, वितळवतील इतकंच. पण तुमच्या घरात माझ्यासारखा कोणी असेल तर त्याच्या कड्यावरचं वर्ष आज वाचा. त्यावर रंग फासू नका. गंज दिसला तर झाकू नका, दाखवा. काकूंनी माझे चौदा वर्षं लाड केले. वर्षातून एकदा मला उलटं करून पाहिलं असतं, तर तेवढंच पुरलं असतं.