हळद लागलेले हाड

मी एक जुने मांडीचे हाड आहे. दचकू नका, मित्रांनो. शाळेच्या कपाटातला सांगाडा पाहून तुम्ही आधी ओरडता आणि मग हसता, हे मला ठाऊक आहे. माझी गोष्ट ऐका आणि मग काय करायचे ते ठरवा.

मी खंडू नावाच्या माणसाचे. चिंचवडच्या माळावर कारखान्यांचे पाये खोदायला सुरुवात झाली, तेव्हा खंडू दगडाच्या खाणीवर कामाला आला. पहार खांद्यावर टाकून तो निघायचा आणि त्याचा सगळा भार मी आणि माझे उजवे भावंड पेलायचो. एके दिवशी सुरुंगाची वात विझली असे समजून मुकादमाने त्याला पुढे पाठवले. वात विझली नव्हती. दगड फुटला आणि त्याच्याबरोबर खंडूची छातीही फुटली. उजव्या भावंडाचा चुरा झाला, मी तेवढे धड राहिले. मुकादमाने गावी कळवले नाही, न्यायला कोणी आले नाही. बेवारस म्हणून खंडूला पुण्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात नेले. तिथे मला सोलले, उकळले, घासले, वाळवले. त्याबद्दल रागवावे की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कॉलेजात एक रीत असते. डॉक्टर व्हायचे तर पहिल्या वर्षी हाडे तोंडपाठ करावी लागतात. म्हणून वरच्या वर्गातली मुले खालच्या वर्गातल्यांना हाडांची पिशवी घरी न्यायला देतात. अशी मी कितीतरी हातांतून फिरले. कोणी मला जपले, कोणी माझ्यावर पेन्सिलीने रेघा ओढल्या. एका बहाद्दराने तर वसतिगृहाच्या गच्चीवर माझ्या अंगाने चेंडू टोलवला. पुढे डॉक्टर होऊन त्याने काय दिवे लावले असतील, देव जाणे.

मग मी सुमेधाकडे आले. तिचे वडील भिवा पिंपरीच्या एका कंपनीत पत्र्याला आकार देणाऱ्या प्रेस यंत्रावर कामाला होते. चाळीतून कॉलेजात गेलेली ती पहिलीच मुलगी. भिवाने तिला सांगून ठेवले होते, "पोरी, पयलं वर्ष निघालं तर पुढचं मी निभावतो. नापास झालीस तर शिष्यवृत्ती बंद. मग माज्या हातात काय न्हाई." त्यामुळे ती जीव तोडून अभ्यास करायची. डोळे मिटून मला चाचपायची आणि "डोकं आत वळलंय, म्हणजे डावं," असे पुटपुटायची. खरे सांगते, इतक्या मायेने मला कोणीच हाताळले नव्हते.

तिची आई कस्तुरा. लिहिता-वाचता येत नव्हते, पण घर असे लख्ख ठेवायची की बघत राहावे. आमच्या अंगात तेलाचा अंश राहतो आणि त्यावर मुंग्या येतात. परीक्षा तोंडावर आलेली आणि हाडांना मुंग्या लागलेल्या! कस्तुराने एके दुपारी आम्हा सगळ्यांना सोड्याने धुतले. मुंग्यांच्या वाटेवर टाकतात तीच हळद तिने आम्हाला अंगभर चोळली आणि घराच्या बुटक्या पत्र्यावर आम्हाला उन्हात वाळत घातले. तिच्या मनात दुसरे काही नव्हते.

पण शेजारच्या छबूबाईच्या घरात तिची चिमुरडी नात इंद्रायणी जुलाबाने निपचित पडली होती. छबूबाई पाणी ओतायला बाहेर आली. तिने पत्र्यावर पिवळीधमक कवटी पाहिली, मला पाहिले आणि टाहो फोडला.

"अगं बया बया! हळद लावलेली मढ्याची हाडं! करणी केली गं माज्या लेकरावर!"

त्याच वेळी पहिली शिफ्ट सुटून माणसे चाळीत शिरत होती. इंद्रायणीचा बाप जयसिंग पुढे धावला. हा जयसिंग भिवाच्या शेजारच्याच प्रेसवर काम करायचा आणि दुपारी त्याच्याच डब्यातली भाकरी खायचा. आताही दोघे बरोबरच आले होते.

"भावा, ऐक तर," भिवा म्हणाला. "पोरीच्या अभ्यासाची हाडं हायेत ती."

"अभ्यासाला हळद लावत्यात व्हय रं?"

हळदीचे भिवालाही माहीत नव्हते.

जयसिंगने पत्र्यावरून मला ओढले आणि भिवाच्या डोक्यात घातले. मित्रांनो, मी केवढे जड आहे ते मला त्या दिवशी कळले. भिवा उंबऱ्यावर कोसळला आणि त्याचे रक्त माझ्यावरच्या हळदीत मिसळले. मग सगळी चाळच तुटून पडली. कोणी कवटी पाट्यावर आपटून फोडली, कोणी बरगड्या पायाखाली चुरडल्या, सुमेधाची पुस्तके गटारात गेली. पडलेल्या भिवाला लाथा बसत होत्या. सुमेधा त्याच्या अंगावर आडवी झाली. जयसिंगने मला पुन्हा उचलले, तिने डोक्यावर हात धरला आणि तिच्या उजव्या कोपराखालची दोन्ही हाडे माझ्याखाली मोडली. ओली फांदी मोडावी तसा तो आवाज होता. तो अजून माझ्या अंगातून गेलेला नाही.

आरडाओरड्यात छबूबाई नातीला कडेवर घेऊन दारात आली होती. त्या वेदनेतही सुमेधाची नजर त्या पोरीवर गेली.

"आई, इंद्रायणी सुकलीय! डोळे बघ कसे खोल गेलेत. हिला दवाखान्यात ने. आत्ता ने, नाहीतर ती जाईल!"

कस्तुराने एकदा रक्तात पडलेल्या नवऱ्याकडे पाहिले आणि दुसऱ्या क्षणी छबूबाईच्या कडेवरून पोर हिसकावून ती पळत सुटली.

"पळवली! पोरीचा बळी द्यायला नेली!" गर्दी मागे लागली. सगळ्यांत पुढे जयसिंग आणि त्याच्या मुठीत मी. दगड येत होते. एक कस्तुराच्या पाठीत बसला, दुसऱ्याने तिचा कान फाडला. तिने हात वर केला नाही, कारण दोन्ही हातांत पोर होती.

ती नगरपालिकेच्या दवाखान्यात शिरली तेव्हा तिचे लुगडे खांद्यापासून लाल झाले होते. डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून पाहिली. अंगातले पाणी आटल्यामुळे ती सोडल्यावरही तशीच उभी राहिली. त्या दारातल्या जयसिंगला म्हणाल्या, "ते हाड खाली ठेवा आणि हिचा पाय घट्ट धरा." जयसिंगने निमूटपणे मला टेबलावर ठेवले. पोरीच्या पायात सलाइनची सुई गेली.

"हिला पाणी का नाही पाजलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"जुलाबात पानी देत न्हाईत न्हवं?" धापा टाकत आलेली छबूबाई म्हणाली. "कालपास्नं घोटभर दिलं न्हाई."

पोरगी पाण्यासाठी रडायला लागली, तेव्हा जयसिंग भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

कस्तुराने मला पदराआड घरी आणले. भिवाच्या डोक्याला टाके पडले, सुमेधाचा हात प्लास्टरमध्ये गेला. पण मला पाहिले की सुमेधा तोंड फिरवायची. "आई, ते समोर नको. मी कॉलेज सोडलं," ती एके दिवशी म्हणाली.

कस्तुरा मला मांडीवर घेऊन तिच्यासमोर बसली.

"सोड हवं तर. पर माज्या पोरीला जेनं मारलं, त्येचं नाव तरी मला कळू दे."

सुमेधा म्हणाली, "फीमर."

"ह्ये वरचं वाटोळं?"

"डोकं. त्याखाली मान."

"कंच्या पायाचं?"

सुमेधाने डावा हात पुढे केला. मला उचलून आईच्या मांडीवर लांबीत धरले. "डाव्या. असं बसतं आत. तुझ्यात पण आहे."

कस्तुराने आपली मांडी चाचपली. "न् जयसिंगच्यात?"

सुमेधाने मला घट्ट धरले. तिचे डोळे भरून आले.

"त्याच्यात पण, आई."

त्या दिवसापासून ती पुन्हा अभ्यासाला बसली. परीक्षेत उत्तरे तिने सांगितली आणि लेखनिकाने लिहिली. ती पास झाली. हात कायमचा वाकडा राहिला, त्यामुळे शस्त्रक्रिया करायचे तिचे स्वप्न मोडले. तरीही ती डॉक्टर झाली. जयसिंगने माफी मागितली नाही. पण इंद्रायणीला पुन्हा ताप आला, तेव्हा तो तिला खांद्यावर घेऊन सुमेधाच्या दारात मान खाली घालून उभा राहिला. सुमेधा म्हणाली, "आत या. पाणी पाजलंत ना?"

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. माझे व्हायचे ते होऊन गेले. कोणावर हात उगारताना समोरच्याच्या आतले हाड आठवा आणि ते जपा. आमच्यासारखे एकदा उघड्यावर आले, की शिकवायच्या नाहीतर मारायच्या कामाचे उरते. आत आहे तोवरच ते माणसाबरोबर चालते.