भिंगरीच्या डाव्या बुटाचा दात

मी बर्फावर घसरत नाचायचा जुना बूट आहे, डाव्या पायाचा. तळाला पोलादी पातं, पात्याच्या टोकाला करवतीसारखे दात. खालचा मोठा दात मात्र मला नाही. तो कसा गेला, ते सांगतो.

मला घालणाऱ्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. शिकवणाऱ्या बाईंनी बसवलेल्या उड्या ती बिनचूक मारी. पण नाचाच्या गाण्याचा सूर उतरू लागला की ती मध्येच माझ्या मोठ्या दातावर थांबे, कुणी हाक मारल्यासारखी मान कलती करी आणि हळूच उलट्या अंगाने वळे. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मित्रांनो, त्या वेळी मला माझा फार अभिमान वाटे.

बाईंच्या डोळ्यांत ते खुपे. एकदा सगळ्या मुलींसमोर त्यांनी तिची लंगड्या कोंबडीसारखी नक्कल केली. मुली फिदीफिदी हसल्या. तरी स्पर्धेत मी थांबणारच, असं भिंगरीने आईला सांगितलं. आईने ते बाईंना सांगितलं.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी आई मला धारवाल्याकडे घेऊन गेली. बाईंचा निरोप ऐकून तो कुरकुरला.

"ताई, दात घासला तर पोरगी तोंडावर पडेल. तिला विचारलंय का?"

"उड्यांना वरचे दात पुरतात म्हणे," आई म्हणाली. "पडू दे एकदा. खोड तरी जाईल."

चाक फिरलं.

धार लावून आलेलं पातं भिंगरी नेहमी नखावर घासून बघे. स्पर्धेच्या दिवशी बघितलं नाही. आईने स्वतः लेस बांधून दिली होती.

सूर उतरला. भिंगरी माझ्या टोकावर उभी राहायला गेली आणि हनुवटीवर आपटली. बाईंनी रक्त पुसता पुसता सांगितलं, "बघितलंस? तुझा पायच ते पेलत नाही." आईने खाली वाकून माझी लेस सोडली.

भिंगरीने ते खरं मानलं. पुढे नव्या बुटांत तिने पदकं मिळवली, पण ती पुन्हा थांबली नाही. आईने मला कौतुकाने काचेच्या कपाटात ठेवलं, टोक भिंतीकडे करून.

परवा भिंगरीची भाची कपाटासमोर चवड्यावर उभी राहून मान कलती करत होती.

"नको गं," भिंगरी म्हणाली. "आपल्या घरात कुणाचा पायच ते पेलत नाही."

मित्रांनो, पातं कोरडं ठेवा, चामड्याला तेल लावा. आणि तुमचा पाय कच्चा आहे असं कुणी म्हणालं, तर आधी बूट उलटा करून बघा. मग तो बूट कुणी का आणून दिला असेना.