डाव्या फळीवरचे सहा काप

"ते पान बघ, वर आलंय. झाकण लावलं की चिकटणार मांसाला," हार्लन खुर्चीतून ओरडला.

"बसवतोय," वेंडल म्हणाला आणि त्याने कोथिंबिरीसारख्या पार्सलीचं ते चुकार पान चिमट्याने खाली दाबलं.

"बसवतोय म्हणे! बावीस वर्षं बसवतोयस. कधी बसणार?"

वेंडल प्रूइटने पुढचं पान लावायला घेतलं. त्याचं वय त्रेसष्ट. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेलेली, त्यामुळे हात काळवंडलेले, पण पांढऱ्या डब्यात पार्सलीची हिरवीगार गादी घालावी तर याच हातांनी. बार्बेक्यूच्या स्पर्धा म्हणजे प्रूइट बंधूंचा छंद. बंधू म्हणायचं आपलं. लाकूड कुठलं, मसाला किती, मांस भट्टीत केव्हा घालायचं आणि केव्हा काढायचं, हे सगळं थोरला हार्लन ठरवायचा. धाकट्याने ट्रेलर ओढायचा, भट्टी घासायची, पार्सली लावायची आणि डबा परीक्षकांच्या टेबलावर नेऊन द्यायचा. बावीस वर्षांत मांसाला मसाला लावायला वेंडलचा हात कधी लागला नव्हता. लावू का, असं विचारायची पण सोय नव्हती.

मिसुरीतलं जत्रेचं मैदान, शनिवारचा दिवस, दुपारचा एक वाजून गेलेला. चौतीस तंबू आणि चौतीस भट्ट्यांचा धूर. कोंबडी, बरगड्या आणि डुकराचा खांदा असे तीन डबे देऊन झाले होते. आता शेवटचा, ब्रिस्केटचा. बैलाच्या छातीचा हा दांडगा तुकडा बारा-चौदा तास धुरात बसतो तेव्हा कुठे नमतो. डबा दीडच्या ठोक्याला द्यायचा, पाच मिनिटं इकडे किंवा तिकडे. सहावं मिनिट लागलं की बाद.

"वेळ?" हार्लनने विचारलं.

"एक दहा."

"तुकडे काढ बाहेर. दोन्ही काढ."

वेंडलने ऊब धरणाऱ्या पेटीतून टॉवेलात गुंडाळलेले दोन तुकडे काढले आणि दोन फळ्यांवर ठेवले. उजव्या फळीवरचा हार्लनने स्वतः मसाला चोळलेला. डाव्या फळीवरचा मात्र वेंडलचा होता, आणि त्याची गंमत अशी झाली होती की काल दुपारी हार्लनचा खांदा धरला. पहिला तुकडा चोळून झाल्यावर त्याला हात वर करवेना. तेव्हा तो वैतागून म्हणाला होता, "दुसरा तू लाव. मी लावला तसाच लाव. डोकं चालवू नकोस."

आणि वेंडलने डोकं चालवलं. हार्लन स्पर्धकांच्या सभेला गेला तेवढ्यात त्याने मीठ निम्म्यावर आणलं, मिरी जाडी भरडली, वर चिमूटभर कॉफीची पूड टाकली. का केलं, ते त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. आपल्या हाताला चव आहे की नाही हे एकदा तरी बघावं, एवढंच. हा जादाचा तुकडा कोण खाणार होतं?

मीठ निम्म्यावर आणायला कारण होतं. मागच्या हिवाळ्यात हार्लन पंधरा दिवस तापाने पडला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. हार्लन हे कबूल करत नव्हता. एकदा नासलेल्या दुधाचा अख्खा ग्लास त्याने वेंडलच्या डोळ्यांदेखत घटाघटा पिऊन टाकला आणि वर "थंडगार आहे, घे" म्हणाला. तेव्हापासून त्याच्या मसाल्यात मीठ वाढतच चाललं होतं. या मोसमातल्या तीन स्पर्धांत प्रूइट बंधू तळाला गेले. परीक्षकाने चिठ्ठीवर एकच शब्द लिहिला होता, 'मीठ'.

"यांच्या जिभा मेल्यात!" हार्लनने चिठ्ठी भट्टीत टाकली होती. "गोडगोड सॉस चाटून चाटून मेल्यात."

वेंडलने तेव्हा तोंडातून ब्र काढला नाही. कसा काढणार? बाप गेला तेव्हा वेंडल नऊ वर्षांचा होता. त्याला गाडी शिकवली हार्लनने, बसच्या गॅरेजात चिकटवला हार्लनने, लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिला तोही हार्लनच. पुढे हार्लनची बायको डेला गेली, ती जाताना वेंडलचा हात धरून म्हणाली, "त्याला शनिवारी एकटं सोडू नको रे." झालं. शनिवार गेला तो गेलाच. शनिवारच्या तयारीत शुक्रवार गेला, घासण्यापुसण्यात रविवार गेला. माणसाला दोरीने बांधलं तर सोडवता तरी येतं. उपकाराने बांधलं की गाठ कुठे आहे तेच सापडत नाही.

पण मागच्या महिन्यात शेवटून दुसरा नंबर आला, तेव्हा हार्लन परतीच्या वाटेवर एकाएकी म्हणाला होता, "पुढच्या वेळी पहिल्या दहात नाव नाही आलं, तर भट्टी विकून टाकतो. बास झालं." आणि हार्लन प्रूइट शब्द फिरवत नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

वेंडलच्या बायकोने, मार्वाने, हे ऐकलं आणि दुसऱ्याच दिवशी माळ्यावरून बॅगा काढल्या. मुलगी एरिन ओरेगॉनला, तिकडे दोन हजार मैलांवर. वेंडल जूनमध्ये निवृत्त होणार. एरिनच्या घरामागे दोन खोल्या रिकाम्या. चार वर्षांची नात आजोबांना ओळखायची ती फोनमधूनच. जाऊ, जाऊ म्हणता म्हणता तीन वर्षं झाली होती, आणि दरवेळी मध्ये ही भट्टी.

आज सकाळीच मार्वाचा फोन आला होता.

"काय रे, काय लक्षण आहे?"

"मीठ भरपूर आहे," वेंडल हळूच म्हणाला होता.

"देव मला माफ करो, वेंडल, पण तुम्ही आज हरावं असं वाटतंय मला. चांगलं दणकून हरावं."

"हळू बोल."

"मी इथे स्वयंपाकघरात आहे! इथून ऐकू जाणार आहे का त्याला?"

दोघंही हसले होते. किती दिवसांनी हसले होते!

"काप," हार्लन म्हणाला. "आधी उजवा."

वेंडलने सुरी चालवली. एक काप हार्लनच्या हातावर ठेवला. हार्लनने डोळे मिटून चावला. मग डाव्या तुकड्याचा घेतला, तोही तसाच चावला.

"दोन्ही सारखे झालेत," हार्लन म्हणाला. "शिकलास तू, धाकट्या. पण डब्यात उजवा लाव. तो माझ्या हातचा आहे."

आणि तो गुडघ्यांवर हात टेकून उठला, काठी घेतली आणि तंबूच्या तोंडाशी जाऊन कर्ण्यावरून सुटणाऱ्या सूचना ऐकत पाठमोरा उभा राहिला.

वेंडलने उजव्या तुकड्याचा कोपरा तोंडात घातला. अरे देवा! जीभ चरचरली. मांस लोण्यासारखं मऊ होतं, धूरही नेमका, वेळ साधण्यात थोरल्याचा हात कुणी धरावा? पण मीठ असं की गिळवेना. मग त्याने डाव्याचा कोपरा खाल्ला. आणि तो तसाच थांबला, हातात सुरी धरून. आधी मिरी आली, मग धूर, मग मांसाची स्वतःची गोडी, आणि अगदी शेवटी कॉफीचा हलकासा कडवटपणा. आपल्या हातचं आहे हे? त्याने पुन्हा एक कोपरा खाल्ला. आपल्याच हातचं होतं.

एक वाजून एकोणीस मिनिटं झाली होती.

करायचं काहीच नव्हतं. फक्त ऐकायचं होतं. बावीस वर्षं ऐकलं तसं आज शेवटचं ऐकायचं, उजवीकडचे सहा काप डब्यात लावायचे, नेऊन द्यायचे. संध्याकाळी नाव येणार नाही, भट्टी विकली जाईल, सप्टेंबरात ओरेगॉन. कुणी वेंडलला बोल लावला नसता. उलट तो आज्ञेतलाच ठरला असता.

त्याने उजवीकडचा पहिला काप उचलून पार्सलीवर ठेवला. दुसरा ठेवला. आणि त्याच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं. सहा अनोळखी माणसं एकेक घास घेणार, तोंड वाकडं करणार, पाण्याच्या बाटलीला हात घालणार. डबा कुणाचा ते त्यांना कळणार नव्हतं, पण वेंडलला तर माहीत होतं ना. ज्याने आपल्याला पहिला घास भरवला त्याच्या हातचं मांस ही माणसं कागदात थुंकणार, आणि डबा नेऊन देणारे आपणच. ते त्याला सहन होईना. आणि खोटं कशाला बोला, दुसरंही एक मनात होतं. डाव्या फळीवरचं ते मांस कुणीतरी खावं, निदान सहा माणसांनी तरी, असं त्याला फार फार वाटलं.

त्याने दोन काप परत काढले. डावीकडचे सहा काप, एकसारखे, पेन्सिलीएवढ्या जाडीचे, गादीवर ओळीने निजवले. झाकण लावलं.

"उजवाच ना?" हार्लनने न वळता विचारलं.

"हो," वेंडल म्हणाला. थोरल्या भावाशी तो पहिल्यांदा खोटं बोलला, आणि डबा दोन्ही हातांत धरून गर्दीतून चालू लागला. एक वाजून एकतीस मिनिटांनी टेबलावरच्या बाईने डबा घेतला.

बक्षीससमारंभ चारला. आधीच्या तिन्ही डब्यांत प्रूइट बंधूंचं नाव आलं नव्हतं. आता कर्ण्यावरचा माणूस ब्रिस्केटच्या दहाव्या नंबरापासून वर चढत होता. दहावा दुसऱ्याच कुणाचा. नववा, आठवा. पाचवा आला तोवर वेंडलचे खांदे सैल पडले. परीक्षकांनाही आवडलं नसेल. आपल्याला आपलं गोड लागलं, झालं. त्याच्या मनात चटका बसला, पण त्या चटक्याच्या मागोमाग ओरेगॉनही आलं आणि जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. तिसरा गेला. दुसरा बर्निस टॅकेटचा आला. शेजारच्या तंबूतली बर्निस म्हणजे सत्तरीची सडसडीत बाई, जिभेने तिखट आणि हाताने त्याहून तिखट.

"ब्रिस्केट, पहिला नंबर," कर्णा म्हणाला, "प्रूइट बंधू!"

हार्लन क्षणभर हललाच नाही. वेंडलने त्याला दंडाला धरून मंचावर चढवलं. ढाल हार्लनच्या हातात गेली, माइकही गेला.

"ज्यांना वाटत होतं म्हातारा संपला," हार्लन म्हणाला, आणि त्याला पुढे बोलवेना. त्याने डोळे पुसले. "ज्यांना तसं वाटत होतं, त्यांनी माझ्या तंबूत या आणि खाऊन बघा! आणि हा माझा भाऊ. डबा मस्त लावतो हा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. वेंडलने हात वर केला.

खाली उतरताना हार्लन त्याच्या खांद्यावर रेलला. "विकायचं बिकायचं विसर आता. पुढच्या वर्षीही सगळ्या स्पर्धा करू. तू निवृत्तच होतोयस, तुला काय काम? तंबू मोठा घेऊ."

"हं," वेंडल म्हणाला. भावाचा चेहरा असा उजळला होता की डेला गेल्यापासून तो तसा दिसलाच नव्हता. आता कुठल्या तोंडाने बोलणार? खरं सांगितलं तर हा माणूस मरेल. नाही सांगितलं तर दर शनिवारी मीठ चोरून कमी करायचं, दर शनिवारी डबा बदलायचा, आणि जिंकत राहायचं. हरलो असतो तर सुटलो असतो. हा फास त्याचा त्यानेच ओढून घेतला होता.

तंबूत पोचतो तोच हार्लनने सुरी हातात घेतली. "बर्निस! ये, खा. माझ्या हातचा, उजवीकडचा, जिंकलेला!"

"थांब, गरम करून देतो," वेंडल पुढे झाला.

"कशाला? असाच चांगला आहे."

बर्निसने काप घेतला, चावला. तिचा जबडा मध्येच थांबला. तिने एकदा हार्लनकडे पाहिलं, मग डाव्या फळीकडे पाहिलं, तिथे मधले सहा काप गेलेला तुकडा पडला होता. मग तिने वेंडलकडे पाहिलं. वेंडल एकदम भट्टीचा दरवाजा पुसायला लागला. बर्निसने घास गिळला. सगळा.

"हार्लन," ती म्हणाली, "मेल्या, तुझ्या हातची सर अजून कुणाला नाही."

"बघ! ऐक धाकट्या, बर्निस टॅकेट म्हणतेय!"

मागून आणखी चार-पाच जण प्लेटा घेऊन येत होते. बर्निस वळली आणि दोन्ही हात पसरून त्यांच्या आडवी झाली. "चला, चला माझ्याकडे. दुसऱ्या नंबराचं खा आधी. या म्हाताऱ्याला आवरू द्या. नाहीतर सोकावेल तो." ती जाता जाता वेंडलच्या दंडाला हात लावून गेली.

हार्लन खुर्चीत बसला होता, ढाल मांडीवर, फोन कानाला. "मार्वा? अगं, पहिला नंबर! ब्रिस्केटमध्ये! हो, पहिला! वेंडल आहे ना इथेच. अगं? मार्वा?" त्याने फोन कानापासून दूर धरला आणि हसत वेंडलकडे बघितलं. "रडतेय रे ती. आनंदाने रडतेय बाई! बोल तिच्याशी."

"तोंडात घास आहे," वेंडल म्हणाला.

तो उजव्या फळीपाशी उभा होता. बाहेर अजून लोक फिरत होते, कोण केव्हा हात पुढे करील सांगता येत नव्हतं. कचऱ्यात टाकावं तर हार्लन समोरच बसलेला. फळीवर अकरा काप होते. त्याने दुसरा उचलला.

"आवडलं ना?" हार्लनने विचारलं.

"फार छान झालंय," वेंडल म्हणाला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्याने बाहीने पुसलं आणि तिसरा काप तोंडात घातला.